खिशाची कड आणि पाव किलोचं ओझं

पत्राचा सारांश : मी चौतीस वर्षांचा, पुण्याजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. 'ईडीसी'चा, म्हणजे रोज सोबत बाळगायच्या छोट्या हत्यारांचा, मला नाद आहे. उजव्या खिशाला घडीचा चाकू, डाव्या खिशाला मल्टीटूल (पक्कड, पातं, स्क्रूड्रायव्हर एकत्र असलेलं घडीचं हत्यार), शर्टाच्या खिशाला छोटी बॅटरी, तिन्ही क्लिपने अडकवलेली. तक्रारी अशा : चांगल्या पँटींचे खिसे कडेला विरले. मेहुण्याच्या नव्या गाडीच्या दारावर चरा उमटला आणि घरात कुरबुर झाली. कंपनीच्या बसमध्ये मल्टीटूल सीटच्या फटीत पडलं, ड्रायव्हरकाकांनी आणून दिलं म्हणून मिळालं. मॉलच्या दारात सिक्युरिटीवाल्याने क्लिप बघून बाजूला घेतलं. वडील म्हणतात, चाकू असा खिशाबाहेर मिरवणं बरं दिसत नाही. बायको म्हणते, मुलीला कडेवर घेतलं की क्लिप तिच्या पायाला बोचते. मित्र सांगतात, टायटॅनियमची 'डीप कॅरी' क्लिप लाव, सगळं मिटेल. पण ती चाकूच्या निम्म्या किमतीला पडते. ती घ्यावी, जाड कापडाच्या पँटी शिवाव्यात, की हा नादच सोडावा?

उत्तर :

तुमच्या तीन पर्यायांपैकी पहिल्या दोनांत क्लिप जागच्या जागी आहे आणि तिसऱ्यात हत्यारंच गायब आहेत. हत्यारं ठेवावीत आणि क्लिप काढावी, हा सरळ पर्याय तुमच्या मनात आलेला दिसत नाही. हल्ली बहुतेक घडीचे चाकू आणि बॅटऱ्या क्लिप लावूनच विकायला येतात, व्हिडिओतल्या प्रत्येकाच्या खिशाला त्या लटकलेल्या असतात, त्यामुळे क्लिपशिवाय हत्यार अपुरं वाटायला लागतं. पण क्लिप ही बाळगायची एक रीत आहे. ती तुमच्या दिवसाला जुळते का, हे तपासून बघायला हवं.

त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. मुलीला क्लिप बोचते, हे तुम्ही गाडीचा चरा आणि मॉल यांच्यानंतर, तक्रारींच्या शेवटी लिहिलंय. माझ्या लेखी ते सगळ्यात वर आहे. मूल कडेवर बसतं तेव्हा त्याची मांडी आपल्या खिशाच्या तोंडाशी येते आणि चढता-उतरताना तिथेच घासते. कापड सहज आत सरकावं म्हणून क्लिपचं टोक बाहेर वळवलेलं असतं, आणि उघड्या पायाला लागतं ते नेमकं हेच टोक. घरात शिरल्या शिरल्या खिसे रिकामे करायचे आणि सगळी हत्यारं तिचा हात पोचणार नाही अशा जागी, शक्यतो कुलपात ठेवायची, एवढं आजच सुरू करा. बाकीचा विचार सावकाश करता येईल.

आता मूळ प्रश्न. खिशाची कड म्हणजे कापडाची दुमड आणि तिच्यावरची एक-दोन शिलाई. हात आत-बाहेर करताना ती उसवू नये एवढ्यासाठी शिंप्याने ती घातलेली असते. शर्टाच्या खिशाला पेन वर्षानुवर्षं अडकवलं तरी काही होत नाही, कारण साधं पेन दहा-पंधरा ग्रॅमचं असतं. तुम्ही मल्टीटूलचं मॉडेल लिहिलेलं नाही, पण लेदरमनचं वेव्ह प्लस धरलं तर ते २४१ ग्रॅम भरतं. म्हणजे पाव किलो वजन, दीड-दोन इंच लांबीच्या पत्र्याच्या पट्टीने, कापडाच्या एका बोटभर जागेवर टांगायचं. जिना चढताना दर पावलाला त्या जागेला हिसका बसतो. ती कड विरली नसती तरच नवल.

वजनाइतकंच नुकसान घासण्याने होतं. आज घरी गेल्यावर चाकू उजेडात धरून क्लिपच्या खाली बघा. जीन्सवर वापरत असाल तर मुठीच्या त्या भागावर निळसर पट्टा दिसेल. तो तुमच्या पँटचा सुटलेला रंग आहे, आणि क्लिपच्या बेचक्यात अडकलेले धागेही तिचेच. हातातून निसटू नये म्हणून मुठीला खरखरीत पोत दिलेला असतो. बऱ्याच चाकूंची मूठ जी-टेनची, म्हणजे काचतंतूचं कापड आणि इपॉक्सी यांची, असते. क्लिप कापडाला त्या खरखरीत भागावर दाबून धरते, आणि चाकू काढता-घालताना प्रत्येक वेळी मूठ त्याच जागी पॉलिश पेपरसारखी फिरते. म्हणून कड सगळीकडे सारखी विरत नाही. एका बोटाएवढ्या जागेत आधी रंग उडतो, मग धागे सुटतात, मग भोक पडतं.

यावर जाड कापडाचा उपाय अर्धाच लागू पडतो. कॅनव्हास जास्त दिवस तग धरेल हे खरं. पण दुमड जितकी जाड तितकी क्लिप जास्त फाकते, दाब वाढतो, आणि चाकू काढताना तुम्हाला जोर जास्त लावावा लागतो. वर पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तसली पँट दिवसभर घालून कारखान्यात हिंडायचं. क्लिपच्या सोयीसाठी आपण कपडे बदलायचे, हे मला उलटं वाटतं.

टायटॅनियमच्या क्लिपबद्दल मित्रांनी सांगितलेलं सगळंच चुकीचं नाही. डीप कॅरी क्लिपमुळे हत्यार खिशात पूर्ण खाली बसतं, त्यामुळे कमी दिसतं, आणि सीटवर बसताना वर ढकललं जाऊन पडण्याची शक्यताही कमी होते. टायटॅनियम गंजत नाही, घामाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पण त्याची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मीच आहे, म्हणून तेवढाच दाब हवा तर क्लिप जाड करावी लागते. जाड क्लिप खिशातून जास्त बाहेर येते, म्हणजे गाडीचं दार, स्कूटरचं पॅनेल, लाकडी खुर्ची यांना लागणार तीच. शिवाय मूठ पूर्ण आत गेल्यावर धरायला वर काहीच उरत नाही. माणूस क्लिपलाच चिमटीत धरून चाकू ओढतो आणि हळूहळू तिचे स्क्रू ढिले होतात. खिशाच्या तोंडाशी उभी असलेली वस्तू किल्ल्या काढताना बोटांच्या पेरांना खरचटते, ते तसंच राहतं. निम्म्या किमतीत तुमच्या सहा तक्रारींपैकी दोन, फार तर अडीच सुटतील. पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही ज्यावर कधी शंका घेतलेली दिसत नाही, त्याकडे आता वळतो. हत्यार एका हाताने, क्षणात बाहेर यायला हवं, हे तुम्ही गृहीत धरलंय. क्लिपचा जन्मच त्यासाठी झाला. १९८१ साली अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीच्या सॅल ग्लेसर यांनी 'वर्कर' नावाचा घडीचा चाकू आणला. त्याला खिशाला अडकवायची क्लिप होती आणि पात्याला अंगठ्याने उघडायचं गोल भोक. दोन्ही गोष्टी एकमेकींसाठीच होत्या : एका हाताने काढा, त्याच हाताने उघडा. त्याआधी मोठा घडीचा चाकू पट्ट्याच्या चामडी म्यानात तरी असायचा, नाहीतर खिशाच्या तळाशी किल्ल्यांबरोबर. ज्याचा दुसरा हात दोराला, शिडीला किंवा जनावराच्या दाव्याला गुंतलेला आहे, त्याच्यासाठी क्लिप हे खरोखर चांगलं उत्तर होतं आणि आजही आहे.

तुमचा दुसरा हात दिवसातून किती वेळा गुंतलेला असतो? आठवडाभर खिशात एक कागद ठेवा. हत्यार काढलं की एक रेघ मारा. दुसरा हात खरंच अडकलेला असेल तर रेघेला आडवी काट मारा. माझा अंदाज असा की रेघा बऱ्याच होतील, काटा फार थोड्या. पार्सलची चिकटपट्टी, केबल टायचं टोक, सैल झालेला स्क्रू, दुधाची पिशवी, यात कुठेच एका सेकंदाची घाई नसते. तुम्ही मात्र क्लिपची किंमत सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत भरताय.

काटा बऱ्याच निघाल्या तर माझं म्हणणं बदलेल. केबल ट्रेवर, शिडीवर, हार्नेस लावून काम करत असाल तर कामाच्या जाड पँटला क्लिप राहू द्या आणि शिफ्ट संपली की काढा. फक्त विजेच्या चालू पॅनेलमध्ये वाकून काम करताना अंगावर धातूचं काही बाहेर आलेलं नको, आणि फिरत्या शाफ्टजवळ, लेथजवळ अडकेल असं काहीच लटकतं नको. हे तुम्हाला कारखान्यात शिकवलेलं असणारच. स्वतःच्या खिशाला मात्र आपण तो नियम लावत नाही.

कोकणात माडावर चढणाऱ्या माणसाला तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा एका हाताने हत्यार काढावं लागतं. तो कोयता कमरेच्या आकडीत अडकवतो. आकडी कमरेच्या दोरीला, पाठीमागच्या बाजूला असते. भार कमरेवर येतो, कपड्याच्या शिवणीवर नाही. चढताना पोटाला, मांडीला पातं लागत नाही. आणि घरी आल्यावर कोयता आकडीसकट उतरतो. जड हत्यार कुठे टांगावं याचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्याच व्हिडिओत दिसलेलं नाही. तुमच्या मल्टीटूलची जागाही तीच : कमरेचा पट्टा. बरीच मल्टीटूल्स पट्ट्यात ओवायच्या म्यानासह येतात, आणि ते म्यान आपण डब्यातच ठेवून देतो. ते काढा. मागे नको, बसताना मणक्याला लागेल. उजव्या हिपच्या थोडं पुढे ओवा. झाकण असलेलंच वापरा, म्हणजे बसच्या सीटवरून उठताना काही पडणार नाही. हाफिसात बसून काम असेल त्या दिवशी मल्टीटूल बॅगेत टाका. पाव किलोची वस्तू रोज अंगावरच हवी, असा काही नेम नाही.

चाकूबद्दल मला तुमच्या सगळ्या तक्रारींपेक्षा जास्त काळजी एका वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि ती तुमच्या पत्रात नाही. पात्याचं टोक वर येईल अशा रीतीने क्लिप लावलेली असेल, तर चाकू खिशाच्या मागच्या शिवणीला टेकून उभा असतो आणि पातं बंद ठेवायला त्या शिवणीचाही आधार मिळतो. क्लिपचे स्क्रू ढिले झाले की चाकू खिशाच्या मधोमध फिरतो, आधार जातो, आणि पातं जरासं जरी उघडलं तरी पुढचा हात आत जातो तो थेट टोकावर. म्हणून क्लिप ठेवणार असाल तर महिन्यातून एकदा तिला बोटाने आडवी हलवून बघा. डुलली तर स्क्रू काढून निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, एक थेंब लावा आणि परत आवळा. लाल नको, ते पुन्हा सुटायला त्रास देतं. एरवी चाकू बंद करून हलकेच झटका दिला आणि पातं बाहेर डोकावलं, तर तो चाकू कुठल्याच खिशात ठेवण्यालायक नाही.

क्लिप काढल्यावर चाकू खिशाच्या तळाशी आडवा पडून किल्ल्यांशी झगडू नये, यासाठी आपल्याकडचा जुना उपाय आहे : चोरखिसा. कोपऱ्यावरच्या अल्टरेशनवाल्या टेलरकडे पँट आणि चाकू दोन्ही घेऊन जा. खिशाच्या आतल्या अस्तरावर, मागच्या शिवणीला लागून, एक उभा कप्पा शिवायला सांगा. रुंदी चाकूपेक्षा साधारण दीड सेंटीमीटर जास्त, खोली एवढी की चाकूचं वरचं टोक दोन बोटांत धरता येईल. कापड जुन्या जीन्सचं घ्या; साध्या अस्तराला चाकूच्या कोपऱ्याने लवकर भोक पडतं. आणि कप्प्याची शिलाई फक्त अस्तरावर यावी, पँटच्या बाहेरच्या कापडावर टाके दिसता कामा नयेत, हे टेलरला आधीच सांगा. चाकू उभा राहतो, शिवणीला टेकून राहतो, बाहेरून दिसत नाही, कुणाला लागत नाही. काढायला एखादा सेकंद जास्त लागतो. ज्यांना प्रत्येक पँटवर हे करायचं नाही, त्यांनी चामड्याची छोटी पिशवी शिवून घ्यावी आणि ती खिशात उभी ठेवावी.

मुळात रोजच्या घरगुती कामाला तेवढा चाकू लागतो का, हेही बघा. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा छोटा चाकू वीसएक ग्रॅमचा असतो, किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो, त्यात पातं, कात्री आणि कानस असते. क्लिप नसते आणि तिची उणीवही कुणाला भासत नाही. रविवारी, लग्नकार्यात, मुलीला बागेत नेताना तेवढा पुष्कळ आहे. मात्र विमानतळावर जाण्याआधी जुडग्यातून काढायला विसरू नका; केबिनच्या सामानात छोटासा चाकूही चालत नाही, तो चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागतो.

वडिलांचं म्हणणं तुम्ही जुन्या विचारांचं समजून बाजूला ठेवलंय, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. त्यांना पूर्ण चूक ठरवू नका. क्लिपच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. नुसती पट्टी बघून एकाला चाकूही पेनासारखा वाटतो, तर दुसऱ्याला पेनही चाकूसारखा वाटतो. मॉलच्या दारातल्या माणसाने तुम्हाला थांबवलं, त्यात त्याने त्याचं कामच केलं. कायद्याने तुमचा छोटा घडीचा चाकू परवान्याच्या यादीत येत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली सणासुदीला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात. तलवारी, भाले, सुरे, सोटे, काठ्या अशी त्यातली यादी वर्तमानपत्रात तुम्ही वाचली असेल, आणि तिच्यात शरीरास इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू येते. त्या दिवसांत मिरवणुकीत खिशाबाहेर क्लिप दिसली तर तुम्हाला बाजूला घेणाऱ्याशी वाद घालायला जागा उरत नाही.

परदेशातल्या वाचकांनी तर जास्तच जपायला हवं. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय सोबत ठेवायचा घडीचा चाकू तीन इंचांपेक्षा मोठ्या पात्याचा चालत नाही, आणि पातं उघडल्यावर लॉक होणारा तर छोटासुद्धा चालत नाही. क्लिपवाले बहुतेक चाकू लॉक होणारे असतात.

तुमच्या बॅटरीबद्दल थोडक्यात. शर्टाच्या खिशातून वाकताना ती पडते, आणि पडली तर नेमकी मशिनच्या ट्रेमध्ये. तिला पँटच्या खिशात क्लिपशिवाय टाकायला हरकत नाही, फक्त शेपटीकडचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. बऱ्याच बॅटऱ्यांत त्याने सर्किट तुटतं आणि खिशात चुकून पेटून कापड तापत नाही. तुमच्या बॅटरीत तसं होतं का, हे आधी हातात धरून बघा. आजच्या छोट्या बॅटऱ्यांचा प्रकाश कापड जाळण्याइतका तापू शकतो.

डावखुऱ्या वाचकांची पत्रंही अधूनमधून येतात : क्लिपची भोकं एकाच बाजूला आहेत, काय करू? त्यांनाही हेच उत्तर. क्लिप काढल्यावर हत्यार कुठल्याही हाताचं होतं. मुठीवरचा टोचणारा कंगोरा जातो तो वेगळाच. जाड पुठ्ठ्याचं खोकं फाडून बघा. पाचेक मिनिटांत क्लिपचा लाल वण तळहातावर उठतो. काढल्यावर तोच चाकू धरून बघा.

मेहुण्याच्या गाडीचं मात्र लांबवू नका. चऱ्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर चरा वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि कंपाउंड मारून जातो. अडकत असेल तर रंगाचं काम आहे, त्याचे पैसे तुम्ही द्या. त्यांनी विषय काढायची वाट बघू नका. शनिवारी स्वतः गाडी घेऊन गॅरेजला जा.

क्लिप काढताना स्क्रू बहुतेक टॉर्क्सचे, म्हणजे डोक्यावर चांदणीसारखी खाच असलेले, टी-सिक्स किंवा टी-एटचे असतील. स्क्रूड्रायव्हरचं नेमकं बिट वापरा, जवळपासचं चालवू नका. डोकं एकदा गोल झालं की तो स्क्रू निघत नाही आणि तसला दुसरा आपल्याकडे सहज मिळत नाही. घट्ट असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्याला थोडा वेळ टेकवा, आतलं लॉकटाइट मऊ होतं. प्लॅस्टिकची मूठ असेल तर अगदी थोडाच वेळ. क्लिप निघाल्यावर भोकं बुजवायला तेच स्क्रू परत लावावेसे वाटतील. सांभाळून. क्लिपच्या जाडीएवढे ते आता जास्त आत जातात, आणि काही चाकूंत थेट पात्याला घासतात. लावल्यावर पातं हळूच उघडून-मिटून बघा. कुठे खरखर लागली तर स्क्रू काढा, क्लिपबरोबर एका छोट्या पुडीत घाला आणि पुडी चाकूच्या डब्यात ठेवा.